निळ्या पेशींची वाट

नमस्कार श्रोतेहो. केमोचं औषध शिरेतून जातं आणि अंगभर पसरतं. कर्करोगाची गाठ असते गालात, पण केस गळतात, तोंड सोलून निघतं, वरणभाताचा घास गिळवत नाही. हेच औषध फक्त गाठीपाशी तयार झालं तर?

यावरची एक गोष्ट मी संधी मिळेल तिथे सांगते. बोस्टनमध्ये कॅरन अबूडी आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या मेंदूतल्या गाठींवर काम करत होते. गाठ मेंदूच्या एका बाजूला आणि मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होतात त्या स्टेम सेल, सोडल्या मुद्दाम दुसऱ्या बाजूला. रसायन घातलं की त्या निळ्या दिसाव्यात, अशी खूण त्यांच्यात केलेली. काही दिवसांनी मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर काय! निळ्या पेशी मेंदू ओलांडून गाठीत शिरलेल्या! बरं, गाठीतून निसटून एखादी कर्कपेशी एकटीच दूर गेलेली, तर तिलाही एक निळी पेशी जाऊन चिकटलेली. मग शेपटीच्या शिरेतून पेशी सोडून पाहिल्या. कुठे शेपटी, कुठे मेंदू! तरी त्या गाठीत पोचल्या. २००० साली हे छापून आलं. लक्षात ठेवा, श्रोतेहो, मूळपेशी गाठ स्वतः शोधते.

या पेशीत एक जनुक घालतात. त्या जनुकामुळे फ्लुसायटोसिन या बुरशीवरच्या औषधाचं पेशीत फ्लुरोयुरासिल बनतं. हे फ्लुरोयुरासिल केमोचंच औषध, तोंडाच्या कर्करोगातही वापरलं जातं. म्हणजे पेशी गाठ शोधते आणि औषध तिथेच बनतं.

तोंडासाठी तर हिरडीतल्याच मूळपेशी घेऊन पाहिल्यात. कर्कपेशीला मरायला लावणारं ट्रेल नावाचं जनुक त्यांत घातलं, आणि उंदरांमध्ये जिभेच्या कर्करोगाची वाढ रोखली गेली. तो अहवाल २०१५चा.

आपल्याकडे हा रोग येतो तो मुख्यतः तंबाखू-सुपारीतून. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि लग्नाच्या मांडवात पाहुण्यांपुढे तंबाखूचं तबक अजून फिरतं. हा कसला पाहुणचार? मला ते तबक पाहवत नाही.

हे उपचार अजून प्रयोगातच आहेत. कुणी पैसे घेऊन आजच देतो म्हणाला, तर देऊ नका. काही मूळपेशी उलट गाठीलाच बळ देतात, ही खरी काळजी आहे. म्हणून मला ते फ्लुसायटोसिनचं जनुक आवडतं. जी पेशी औषध बनवते, तीही त्याच औषधाने मरते.