क्लब बंद पडत गेले, डेरिक सर टीम बांधत राहिले

(दृश्य: म्हाळुंगे-बालेवाडी, क्रीडासंकुलाच्या गेटमधून आत जाणारा कॅमेरा)

नमस्कार मंडळी. हे आपलं शिवछत्रपती क्रीडासंकुल, १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं, मग २००८ ला इथेच कॉमनवेल्थ युथ गेम्स झाल्या आणि पुढच्याच वर्षी इथे आय-लीग आली, म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग. पुणे एफसी. २००७ ला सुरू झालेला क्लब, सेकंड डिव्हिजन खेळून वर आलेला, टोपणनाव रेड लिझर्ड्स, आणि लाल घोरपड म्हटली की पुणेकराला सिंहगड आठवणारच. आय-लीगमधल्या स्वतःच्या पहिल्याच सीझनला, २००९-१० ला, ही टीम देशात तिसरी आली. डेम्पो पहिले, चर्चिल दुसरे, दोन्ही गोव्याचे मुरलेले क्लब, आणि त्यांच्या पाठोपाठ आपलं पुणे. त्या टीमचे कोच होते डेरिक परेरा. पुण्यात पुढे प्लॅट, हबास असे परदेशी कोच आले, त्यांची नावं लोकांना पाठ आहेत, पण पुण्याला खरीखुरी टीम कुणी बांधून दिली असेल तर ती या माणसाने, असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच हा व्हिडिओ.

डेरिक सर मूळ गोव्याचे. साळगावकरकडून खेळले, भारताकडून खेळले, जागा सेंटर बॅकची. कोच म्हणून नाव झालं ते मात्र मुंबईत, महिंद्रा युनायटेडमध्ये. जीपमेन म्हणायचे त्या टीमला. २००५ ला फेडरेशन कप आणि त्याच सीझनमध्ये, २००५-०६ ला, नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची देशाची लीग. ही लीग तोपर्यंत पंजाब, बंगाल आणि गोवा यांच्यापलीकडे कधी गेलीच नव्हती, महाराष्ट्रात ती पहिल्यांदा आली ती डेरिक परेरांच्या टीमने आणली म्हणून. मुंबईच्या कूपरेज मैदानावर मॅच बघायला जाणारी माणसं अजून त्या टीमबद्दल भरभरून बोलतात. आणि २०१० ला महिंद्राने क्लबच बंद करून टाकला. तोवर सर पुण्यात आलेले होते.

(दृश्य: सकाळचं मैदान, कोन लावणारा कोच, बिब्स घातलेली पोरं)

आता सेंटर बॅक राहिलेला माणूस कोच झाला की तो आधी काय बघणार, तर मागची लाईन. पुण्यात एसएसपीएमएसच्या ग्राऊंडवर नाहीतर कुठल्याही चांगल्या अकादमीत सकाळी जाऊन उभे राहा, हे काम डोळ्यांनी दिसेल. बॉल डाव्या विंगला गेला की लेफ्ट बॅक बाहेर जातो, त्याने सोडलेल्या जागेकडे एक सेंटर बॅक सरकतो, त्याच्या जागेकडे दुसरा, आणि लांबचा राईट बॅक आत येतो. चौघांनी एकाच वेळी हलायचं, एक जण अर्धा सेकंद जरी उशिरा हलला तरी समोरचा स्ट्रायकर नेमका त्या फटीतून पळतो. मग कोच शिट्टी मारतो, सगळे जिथल्या तिथे थांबतात, तो चालत जातो, एकाला खांद्याला धरून दोन पावलं आत सरकवतो, इथे उभा राहा म्हणतो, परत शिट्टी, परत तोच बॉल, परत तेच. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं, पोरांनाही वाटतं, पण तीच चार पोरं तोच कोच दोन-तीन सीझन एकत्र राहिले की हे सरकणं अंगात भिनतं, आणि मग ती टीम सहज हरत नाही.

पुणे एफसीने डेरिक सरांना हा वेळ दिला. चार सीझन. भारतात एका कोचला एका क्लबमध्ये सलग चार सीझन मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे हे पुढे कळेलच. या चार वर्षांत कोण कोण इथे खेळलं बघा. अराता इझुमी, जपानचा, महिंद्रात सरांच्याच हाताखाली खेळलेला, २००९ ला पुण्यात आला आणि इथलाच झाला. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही म्हणून जपानचा पासपोर्ट सोडला आणि २०१३ ला भारताची जर्सी घातली. जेजे लालपेखलुआ पुणे एफसीतून वर आला आणि पुढे २०१६ चा एआयएफएफ, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचा, प्लेअर ऑफ द इयर झाला. अनस एडथोडिका, केरळचा सेंटर बॅक, २०११ ला आला, आणि पुढे काही वर्षांनी भारताच्या बचावात उभा राहिला.

आणि मग २०१२-१३. सव्वीस मॅचेसची लांबलचक लीग, म्हणजे नशिबावर कुणी वर येत नाही, सातत्य लागतंच. त्या सीझनला पुणे एफसी दुसरे आले. चर्चिल चॅम्पियन. मोहन बागान, ईस्ट बंगाल, डेम्पो सगळे पुण्याच्या खाली. ज्या शहरात फुटबॉल म्हणजे कॅम्प, खडकी आणि मोजक्या शाळा असंच धरलं जायचं त्या शहराची टीम देशात दुसरी आली, आणि खरं सांगतो, या शहराने त्याची पुरेशी दखल घेतली नाही, लक्ष्मी रोडवर उभं राहून विचारा, किती जणांना माहितीये. मला याचं वाईट वाटतं.

सीझन संपला आणि सर परत गोव्याला गेले, साळगावकरचे कोच म्हणून. इथे एक भारी योगायोग आहे. २०१४ ला ड्युरँड कप, देशातली सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा, दिल्लीबाहेर, गोव्यात झाला, आणि फायनलला आमनेसामने कोण तर साळगावकर आणि पुणे एफसी. एका बाजूला डेरिक परेरा, ज्यांनी पुणे एफसी घडवली. दुसऱ्या बाजूला पुण्याचे कोच करीम बेंचरिफा, ज्यांनी साळगावकरला २०१०-११ ची आय-लीग जिंकून दिली होती. म्हणजे दोघंही आपण स्वतः बांधलेल्या क्लबच्या विरोधात उभे. साळगावकर १-० ने जिंकले.

पुढच्याच वर्षी पुणे एफसी बंद झाली. २०१५. मालक कंपनीने हात काढून घेतला, अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. तोपर्यंत आयएसएल, म्हणजे फ्रँचायझींची इंडियन सुपर लीग, सुरू झाली होती, एफसी पुणे सिटी ही तिथली पुण्याची वेगळी टीम, बालेवाडीत तिचा नारंगी रंग आला होता, गर्दी होती, नावं मोठी होती. आणि कोच बघा: २०१४ ला फ्रँको कोलोंबा, २०१५ ला डेव्हिड प्लॅट, २०१६ ला अँटोनियो हबास, मग रँको पोपोविच, मग मिगेल पोर्तुगाल जे सीझन सुरू होऊन महिनाभरात गेले, मग प्रद्युम रेड्डी इंटरिम, मग फिल ब्राऊन. पाच सीझन, सात माणसं. यात पोपोविचचं श्रेय काढून घेणार नाही मी, २०१७-१८ ला त्यांनी टीम सेमीफायनलला नेली, तिथे बंगळुरूकडून छेत्रीची हॅटट्रिक बसली. पण प्रत्येक वेळी नवा माणूस येणार, नवीन सिस्टिम आणणार, मागची लाईन पहिल्यापासून शिकवणार, ती जमेपर्यंत सीझन संपणार. २०१९ ला हाही क्लब गेला, फ्रँचायझी हैदराबादला.

डेरिक सर मधल्या काळात पुण्यात परत आले होते बरं का. २०१५-१६, डीएसके शिवाजीयन्स. लोणी काळभोरला लिव्हरपूलसोबतची अकादमी असलेला क्लब, लालियनझुआला छांगते तिथलाच. आय-लीगमध्ये थेट एंट्री मिळालेली नवी टीम, आणि ती शेवटची आली, नववी. हे लपवण्यात अर्थ नाही, तो सीझन खराबच गेला. पण थेट एंट्रीमुळे डीएसकेला खाली जाण्यापासून सूट होती, म्हणून आठवं आलेलं ऐझॉल रेलिगेट झालं. मग साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा या दोघांनी आय-लीगच सोडली, जागा रिकाम्या झाल्या, ऐझॉलला परत बोलावलं, आणि २०१६-१७ ला तेच ऐझॉल खालिद जमीलच्या कोचिंगखाली चॅम्पियन झालं! डीएसके त्याच २०१७ मध्ये बंद पडलं.

महिंद्रा बंद. पुणे एफसी बंद. साळगावकर आय-लीगमधून बाहेर. डीएसके बंद. यातला एकही क्लब कोचमुळे बंद पडला नाही, पैसा घालणाऱ्याचं गणित बदललं की क्लब संपतो, आणि कोच बिचारा किटबॅग उचलून दुसऱ्या गावाला जातो. युरोपात मॅनेजर हाकलला जातो पण क्लब शंभर वर्षं जागेवर असतो, तिथे त्याने जिंकलेला कप कपाटात दिसतो. इथे कपाट ठेवणारंच कुणी राहत नाही.

मग सर एफसी गोवामध्ये गेले, २०१९ ला भारताच्या अंडर-२३ टीमचे कोच होते, आणि डिसेंबर २०२१ मध्ये एफसी गोवाचे कोच हुआन फेरांडो मोहन बागानला निघून गेल्यावर भर सीझनमध्ये तिथे हेड कोच झाले. लक्षात घ्या, डी पासून प्रो पर्यंत लायसन्सच्या सगळ्या पायऱ्या चढलेले भारतीय कोच आधीपासून होते, तरी आयएसएलमध्ये कायमचा हेड कोच म्हणून पहिला भारतीय नेमला गेला तो २०२१ ला, खालिद जमील, नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये. सात वर्षं लागली. डेरिक सरांना खुर्ची मिळाली तेव्हा टीम आधीच गडबडलेली, शेवटी नववे आले, शेवटची मॅच केरळ ब्लास्टर्ससोबत ४-४. आयुष्यभर बचाव शिकवलेल्या माणसाच्या वाट्याला असा स्कोअर यावा हे मला आजही खटकतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे हेड कोच झाले. तेही महिंद्राचे जुने प्लेअर. त्या बंद पडलेल्या क्लबने किती माणसं दिली हे एकदा नीट मांडायला हवं.

पुढचा भाग आम्ही मामुर्डीच्या पुणे एफसी अकादमीवर करतोय. तिथे राहून खेळलेली पोरं आता पंचविशी-तिशीची असतील, कुणी पुण्यातच कोचिंग करत असेल, कुणी नोकरी. तुमच्या ओळखीत त्यातलं कुणी असेल तर त्यांना आमचा निरोप द्या, कॅमेरा घेऊन आम्ही येतो.