सांडपाण्यावर जगलेली झाडं

(दृश्य: गावाच्या उताराकडचं शेवटचं गटार, तोंडाशी लोखंडी जाळी)

गावाचं सांडपाणी शेवटी इथं येतं. न्हाणीचं, मोरीचं, धुण्याभांड्याचं. हजार वस्तीचं गाव धरलं तर जलजीवन मिशनच्या हिशेबानं माणशी रोज 55 लिटर पाणी. त्यातलं 70 टक्के गटारात जातं असं मानलं, तर दिवसाला 38 हजार लिटर.

जमीन मुरमाड असेल आणि दारापुढं जागा असेल, तर शोषखड्डाच बरा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी असे खड्डे घेऊन उघडी गटारं बंद केली. पण काळ्या चिकण जमिनीत पाणी मुरत नाही, आणि दाट गावठाणात खड्डा घ्यायचा कुठं? तिथं गावाच्या खालच्या अंगाला सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प बांधावा लागतो. 2020 साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजार वस्तीपर्यंतच्या गावांना सांडपाण्याच्या कामासाठी दरडोई 280 रुपयांपर्यंत तरतूद ठरली. ती बांधकामाची. रोज सकाळी जाळी कोण साफ करणार, हे ग्रामपंचायतीनंच ठरवायचं.

(दृश्य: पंजानं जाळीवरचा कचरा ओढणारे हात)

शाम्पूच्या पुड्या, केसांचे गुंतवळे, चिंध्या, भाताची शितं. हे ओढून बाजूच्या फरशीवर निथळू द्यायचं आणि मग उचलायचं. एक दिवस राहिलं की पाणी मागं गल्लीत तुंबतं. मग कुणीतरी वैतागून जाळीच उपसून ठेवतो. प्रकल्प खरा त्या दिवशी बंद पडतो. दिसतं मात्र सहा महिन्यांनी.

पुढं गाळटाकी. जड गाळ तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते. साय आठवड्याला झाऱ्यानं काढायची. गाळ किती साठला हे वरून कळत नाही. त्याला उपाय साधा: लांब बांबूला पांढरं फडकं गुंडाळायचं, सावकाश तळाला टेकवायचं, पाचेक मिनिटं धरून वर घ्यायचं. काळा डाग जिथवर, तिथवर गाळ. पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाला की उपसा करायचा. मात्र गाळटाकीच्या पुढं आडभिंती घालून केलेल्या कप्प्यांतला गाळ सगळा काढू नये. पाणी शुद्ध करणारे जिवाणू त्याच गाळात असतात; टाकी चकचकीत धुतली की पुढचे काही आठवडे वास सुटतो.

उपसा पंपानं किंवा मैलाउपसा टँकरनंच करायचा. झाकणं उघडी टाकून थांबलं तरी आत माणूस उतरवायचा नाही. आतला वायू नाकाला कळायच्या आधी माणूस पडतो. असं काम माणसाकडून करून घ्यायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे.

(दृश्य: खडीच्या वाफ्यात ओळीनं उभी कर्दळ)

आता कर्दळीचा वाफा. कप्प्यांतून आलेलं पाणी इथं आणखी शुद्ध होतं. 60 सेंटिमीटर खोल खडी, आणि पाणी खडीच्या खालून वाहणारं. खडीत पोकळी साधारण 35 टक्के. दोन दिवसांचं पाणी मावायचं तर हजार वस्तीला जवळजवळ चार गुंठे जागा लागते. खडी एकाच मापाची आणि धुतलेली हवी. ठेकेदार क्रशरची कच मिसळलेली खडी ओततो, आणि वर्षभरात वाफा चोंदतो. पाण्याची पातळी खडीच्या चार बोटं खाली ठेवायची. ती बाहेरच्या पाइपाचा फिरता एल्बो (वळणाचा तुकडा) वरखाली करून साधते. खडीवर पाणी उभं दिसलं की डास आलेच. तेव्हा सगळा वाफा उकरायची गरज नसते. तोंडाकडची मीटर-दोन मीटर खडी काढून, धुऊन परत भरली की बहुतेक वेळा भागतं. कर्दळ छाटली की पाला उचलायचाच.

पावसाळ्यात गटारातून गाळ-माती लोटते. पहिल्या जोरदार सरीला प्रवेशाची फळी पाडून पाणी थेट ओढ्याला सोडावं. आणि एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही: काही घरांच्या शौचालयाच्या टाकीचा पाइप गुपचूप गटाराला जोडलेला असतो. प्रकल्पाला वास येऊ लागला की आधी तो शोधा.

(दृश्य: गायरानातली रोपं, प्रत्येकाला गोल आळं)

वाफ्यातून निघणारं पाणी कच्च्या खायच्या भाजीला नको, झाडांना चालतं. हिशेब पाहा. 500 रोपांना उन्हाळ्यात आठवड्याला वीस-वीस लिटर दिलं, तर दहा हजार लिटर. प्रकल्पाच्या एका दिवसाच्या पाण्याचा साधारण चौथा भाग! पाणी कमी पडत नाही. कमी पडतो तो पंप सुरू करणारा माणूस. ठिबकच्या तोट्या या पाण्यानं बुजतात, म्हणून पाइपानं आळ्यात सोडलेलं बरं.

खड्डे वैशाखातच घ्यावेत. दीड फूट, मुरूम असेल तर दोन फूट. तळाला चांगली माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, उधईसाठी मूठभर निंबोळी पेंड. दोन-तीन चांगले पाऊस झाले की लागवड. पिशवी फाडून काढायची. मुळं तळाशी गोल फिरलेली असतील तर तेवढी कापायची. पिशवीसकट पुरलेलं रोप दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतं, आणि दोष पाण्याला दिला जातो.

ओढ्याकाठी अर्जुन, करंज, जांभूळ. गायरानात कडुनिंब, चिंच, बोर. वड, पिंपळ, उंबर टाकीपासून लांबच. त्यांची मुळं पाइपाच्या सांध्यात शिरतात. वाफ्याच्या कडेलाही मोठं झाड नको: सावलीत कर्दळ खुरटते, पानगळीनं खडी चोंदते.

शेळ्यांचा बंदोबस्त ग्रामसभेच्या चराईबंदीशिवाय होत नाही. हिवरे बाजारनं ती पाळून दाखवली आहे. गवत वाढलं की वणव्याची भीती, म्हणून दिवाळीनंतर गवत वाळू लागलं की कडेनं जाळरेषा, म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा, काढून घ्यावी.

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर बहुतेक झाडं आपली आपण जगतात आणि पाणी मोकळं होतं. ते चारापिकाला लिलावानं द्यावं. गाळ उपसणाऱ्या टँकरचं भाडं त्यातून काढता येतं.