पहिली नोकरी हप्त्याने निवडू नये

(साखळी येथे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

डिचोली-सत्तरीतल्या मुलांशी फायनान्सबद्दल बोलायचं, तर मला खाणीपासूनच सुरुवात करावी लागते. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले 88 खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर काम थांबलं. मी तेव्हा एका बँकेच्या कर्ज विभागात होते. थोड्याच दिवसांत एक ट्रकमालक माझ्यासमोर येऊन बसले. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, आरसी बुक, विम्याचे कागद, सगळं नीट घडी घालून आणलेलं. ट्रक दारात उभा आणि हप्ता मात्र दर महिन्याला चालू. ते कर्ज मीच मंजूर केलं होतं.

मी फाइल पुन्हा काढली. उत्पन्न, तारण, जामीनदार, सगळं बरोबर होतं. पण त्यांची सारी कमाई ज्या खनिजाच्या वाहतुकीवर होती, ते कुणाच्या परवानगीने निघतंय आणि किती काळ निघणार, हे मी विचारलंच नव्हतं. 2012 मध्ये खाणी एकदा बंद पडलेल्या डोळ्यांनी पाहूनही विचारलं नव्हतं. फायनान्सची पदव्युत्तर पदवी माझ्याकडे होती. ऑप्शनची, म्हणजे शेअर बाजारातल्या एका प्रकारच्या कराराची, किंमत काढायला मी तिथे शिकले. अख्ख्या तालुक्याची मिळकत एकाच मालावर उभी असेल तर कर्ज कसं द्यावं, हा विषय दोन वर्षांत एकदाही निघाला नाही.

म्हणून कुणी मला म्हणतं की 'लोकांसाठी काम करायचंय, मग फायनान्स कशाला', तेव्हा मी त्यांना 2014 चा निकाल सांगते. त्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या खनिज उत्खननावर वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतले 10 टक्के एका कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले. मागची कल्पना अशी, की जमिनीतला माल एकदा काढला की संपला, तेव्हा पुढच्या पिढीचा वाटा बाजूला ठेवायला हवा. आता हा पैसा गुंतवायचा कुठे? महागाईने तो झिजू नये म्हणून काय करायचं? दरवर्षी किती काढला तर मूळ रक्कम शाबूत राहील? हे प्रश्न फायनान्सवाल्यांनीच सोडवायचे आहेत. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदा हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी कर्ज उभारणारे रोखे, विकले. तो पैसा खरोखर हरित कामावरच गेला का, हे तपासायलाही हिशेब कळणारीच माणसं लागतात.

आता फायनान्स-मॅनेजमेंटचा पदव्युत्तर कोर्स निवडताना काय बघायचं? रँकिंग मी बाजूला ठेवते. तिथे विद्यार्थ्याला वर्गाबाहेर कुठे पाठवतात आणि किती दिवस, हे आधी विचारा. वर्गीस कुरियन यांनी 1979 मध्ये आणंदला उभी केलेली इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्था विद्यार्थ्यांना गावात राहायला पाठवते आणि तो अभ्यासक्रमाचाच भाग असतो. इथे जवळच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये 'गिव्ह गोवा' उपक्रमात मुलं सामाजिक संस्थांबरोबर काम करतात. अशा दिवसांना गुण आहेत का, की नुसता फोटोपुरता कार्यक्रम आहे, हे मात्र दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडूनच कळतं.

दुसरी गोष्ट प्लेसमेंटची. समजा, पाच जणांना वर्षाचे 8, 8, 9, 9 आणि 46 लाख मिळाले. सरासरी येते 16 लाख, आणि माहितीपत्रकात तीच मोठ्या अक्षरात छापतात. पण चौघांच्या हाती दहासुद्धा आलेले नाहीत. मधला आकडा, म्हणजे मीडियन, 9 आहे. तोच मागा, लेखी मागा.

आणि आता कर्ज. पालकांनो, इथे जरा थांबू या. 15 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, सात वर्षांची मुदत: हप्ता पडतो साधारण 24,900 रुपये. शिकत असतानाचं व्याज मी यात धरलेलंच नाही. बचत गटांना कर्ज देणाऱ्या एखाद्या संस्थेत मुलीला मनासारखं काम मिळालं आणि हातात 40 हजार येणार असले, तर खोलीभाडं, जेवण, प्रवास सगळं उरलेल्या 15 हजारांत. ती ते काम घेणार नाही, कितीही वाटलं तरी. म्हणजे तिची नोकरी फी भरली त्या दिवशीच ठरून गेली. गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त शैक्षणिक कर्जाची योजना आहे. तिच्या अटी प्रवेश घेण्याआधी वाचा. व्याज नसेल तर त्याच रकमेचा, त्याच मुदतीचा हप्ता 18 हजारांच्या आत येतो. महिन्याला सात हजारांचा हा फरक मला कुठल्याही रँकिंगपेक्षा मोठा वाटतो.

मागच्या आठवड्यात वाळपईची एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. हातात दोन कॉलेजांची प्रवेशपत्रं. एकाची फी दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. आईचा पहिला प्रश्न, "ताई, घर तारण ठेवावं लागणार का?" साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, हे मी सांगितलं. मग कमी फीच्या कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला फोन लावून तो स्पीकरवर ठेवला. मुलीने विचारलं, "फिल्डवर तू किती दिवस होतास आणि तिथे नेमकं काय केलंस?" तो एका दूध संस्थेच्या थकबाकीबद्दल बोलायला लागला. कुठला सभासद का थकला, म्हैस कधी आटली, पावसाळ्यात चाऱ्याचा खर्च किती वाढला, सगळं त्याला तोंडपाठ. वीस मिनिटं झाली तरी तो बोलतच होता आणि मुलगी वहीत उतरवून घेत होती.