51 पॉइंट आणि शेजारी उभी असलेली माणसं

नोव्हेंबर 2004 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम सुरू झाला, तेव्हा खेळाडूच्या पदरात सगळे मिळून 51 टॅलंट पॉइंट, म्हणजे पात्राची कौशल्यं वाढवायचे गुण, पडायचे. पहिला दहाव्या लेव्हलला, शेवटचा साठाव्याला. ते लावायला तीन ट्री, म्हणजे कौशल्यांच्या तीन शाखा. सगळे पॉइंट एकाच कामासाठी खर्च केले, तर त्या कामात तुमचा हात धरणारा सहसा कोणी सापडत नाही. दोन कामांत वाटले, तर दोन्ही जमतात, पण दोन्हीत कोणीतरी तुमच्या पुढे असतं. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणारा प्रत्येक जण कधी ना कधी इथे येऊन अडतो. हायब्रिड बिल्ड, म्हणजे पॉइंटांची दोन कामांत वाटलेली मांडणी, करायचं, की एकाच कामात मुरायचं?

हायब्रिडवाल्याला बहुतेक जण एका वाक्यात निकालात काढतात: एक ना धड, भाराभर चिंध्या. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. बिल्ड चांगलं की वाईट हे ते बिल्ड एकट्याने ठरवत नाही. तुमच्या शेजारी किती जण उभे आहेत, हे आधी बघावं लागतं.

ड्रुइड या रूप बदलणाऱ्या पात्राचंच उदाहरण घेऊ. या वादात सगळ्यात जास्त बोलणी त्यानेच खाल्ली आहेत. अस्वल होऊन तो मार झेलतो, चित्त्यासारखा होऊन ओरबाडतो, लांबून मंत्र फेकतो आणि मूळ रूपात येऊन सोबत्यांच्या जखमाही भरतो. आता पडद्यावरचे आकडे बघा: 0/30/21. पहिल्या ट्रीमध्ये काहीच नाही, फेरल या प्राणीरूपांच्या ट्रीमध्ये 30, रेस्टोरेशन या जखमा भरण्याच्या ट्रीमध्ये 21. जुन्या ड्रुइड खेळाडूंना हे बिल्ड तोंडपाठ आहे. फेरलच्या तिसाव्या पॉइंटला हार्ट ऑफ द वाइल्ड पूर्ण होतं. त्याने बुद्धी 20 टक्के वाढते, आणि अस्वलाच्या रूपात स्टॅमिनाही तेवढाच वाढतो. म्हणजे एकच टॅलंट मार झेलणाऱ्या टँकलाही पोसतं आणि जखमा भरणाऱ्या हीलरलाही. दुसऱ्या टोकाला नेचर्स स्विफ्टनेस: दर तीन मिनिटांनी एक मोठा हील जागच्या जागी, क्षणाचाही वेळ न लावता.

पाच जणांनी उतरायच्या डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या गुहेत, याची किंमत कळते. हीलर पडला. समोर तीन राक्षस. अस्वल क्षणभर रूप सोडतं, तो एक हील स्वतःवर टाकतं आणि परत अस्वल होऊन उभं राहतं. नाहीतर सगळ्यांनी मेलेल्या जागेपर्यंत पुन्हा धावत यायचं होतं. पाच जणांत एक गेला की पाचवा हिस्सा गेला, आणि ती जागा भरून काढायला दुसरं कोणी नसतं.

हाच ड्रुइड आता मोल्टन कोअर या रेडमध्ये, म्हणजे मोठ्या टोळीच्या मोहिमेत, न्या. तिथे 40 जण असतात. टँक ठरलेले, हीलर ठरलेले, एक पडला तर त्याचं काम उचलायला बाकीचे आहेत. ‘मला दोन्ही येतं’ या वाक्याला तिथे फारसा भाव नाही. शिवाय अंगावरचं सामान वेगळंच भांडण काढतं. पॉइंट अर्धे-अर्धे वाटता येतात, पण हीलरचा झगा आणि अस्वलाचं चिलखत एकाच वेळी अंगावर चढत नाही. दोन कामं म्हणजे सामानाचे दोन संच, आणि गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, वाटप होताना दुसऱ्या संचासाठी हात वर करणाऱ्याकडे कोणी प्रेमाने बघत नाही. त्यात बॉसवर एका वेळी ठरावीकच डीबफ, म्हणजे त्याच्यावर टिकून राहणारे वाईट परिणाम, बसायचे. सुरुवातीला आठ, पुढे 16. चाळीस जणांत सोळा जागा! लांबून मंत्र टाकणाऱ्या ड्रुइडने आपला मूनफायर हा मंत्र लावला, की दुसऱ्या कोणाचा तरी जास्त कामाचा डीबफ गळून पडायची भीती. म्हणून त्याला सांगितलं जायचं, तू हीलच कर. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने त्या काळात ड्रुइडला दिलेले सेनेरियन आणि स्टॉर्मरेज हे रेडचे संचही मुख्यतः हीलरच्याच अंगाचे होते.

तरीही काही जण चित्ता बनूनच रेडमध्ये यायचे. त्यांचं बिल्ड 14/32/5. हे आकडे नीट बघण्यासारखे आहेत. तिन्ही ट्रीमध्ये पॉइंट सांडलेले, म्हणजे वरून बघणाऱ्याला हाच खरा भाराभर चिंध्यांचा नमुना वाटेल. पण यातला एकूण एक पॉइंट एकाच कामाला जुंपलेला आहे. रेस्टोरेशनमधले ते पाच पॉइंट म्हणजे फ्युरर हे टॅलंट. ते असलं की चित्त्याचं रूप घेताक्षणी 40 एनर्जी मिळते. डोक्यावर वुल्फ्सहेड हेल्म असलं तर आणखी 20. झाले 60, आणि श्रेड नावाच्या वाराला मुळात लागते 60 एनर्जी. मग हा खेळाडू काय करतो? एनर्जी संपली की रूप सोडतो, लगेच परत घेतो आणि एक श्रेड मारतो. पुन्हा सोडतो, पुन्हा घेतो. प्रत्येक वेळी माना, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, जळतो, म्हणून ओरबाडणारा हा चित्ता मानाच्या बाटल्या पीत असतो. याला पॉवरशिफ्टिंग म्हणतात. 2019 मध्ये क्लासिक, म्हणजे याच गेमची जुनी आवृत्ती, पुन्हा सुरू झाल्यावर हेच खेळाडू नोमरेगनमध्ये फेऱ्या मारताना दिसायचे, मॅन्युअल क्राउड पमलर नावाच्या एका सोट्यासाठी. कमी लेव्हलच्या डंजनमधला सोटा, पण वापरला की 30 सेकंद वार दीडपट वेगाने पडतात. फक्त तीनदा. मग नवा आणायचा. काही जण रेडला येताना असे कितीतरी सोटे पिशवीत भरून आणायचे.

एवढी मेहनत मला मनापासून भावते. स्पेशलायझेशन म्हणजे एकच ट्री तळापर्यंत भरणं, ही समजूत इथे पार मोडते. काम एक ठरवायचं आणि त्यासाठी मिळेल तिथून गोळा करायचं. अशा ड्रुइडला गिल्ड एक जागा राखूनही ठेवायची, कारण लीडर ऑफ द पॅक या टॅलंटमुळे त्याच्या पार्टीतल्या वॉरियर आणि रोग या पात्रांना क्रिटिकलची, म्हणजे जास्त जोराच्या वाराची, 3 टक्के जादा संधी मिळायची.

पुढे हवा बदलली, आणि माणसं कमी झाली हे त्याचं एक मोठं कारण आहे. 2007 च्या बर्निंग क्रुसेड या विस्तारात मोठी रेड 25 जणांवर आली, कारझान या रेडला तर दहाच. ड्रुइडचं अस्वल तिथे मानाने टँक म्हणून उभं राहिलं. एप्रिल 2009 मध्ये 1000 गोल्ड मोजून दोन बिल्ड जवळ ठेवायची सोय आली. त्याआधी बदलायचं म्हणजे दर वेळी ट्रेनरकडे पैसे, आणि ही फी चढत चढत 50 गोल्डपर्यंत जायची. त्याच काळात ‘हायब्रिड टॅक्स’वरून रणं माजली. फक्त डॅमेजच करू शकणाऱ्या मेज या जादूगाराने किंवा रोगने हायब्रिडपेक्षा थोडं जास्त, साधारण 5 टक्के, मारावं, अशी डिझायनरांची भूमिका होती. मला ती रास्त वाटते. ज्याला दुसरी वाटच नाही, त्याला त्याच्या एका वाटेवर थोडी आघाडी हवी.

माणसं मोजायचा हा हिशेब डायाब्लो 2 या दुसऱ्या गेममध्ये आणखी उघडा दिसतो. 2003 च्या 1.10 पॅचने सिनर्जी आणल्या: फायर बोल्ट या मंत्रात टाकलेला पॉइंट फायरबॉल या दुसऱ्या मंत्रालाही जोर देऊ लागला. सगळा खेळ एकाच मूलतत्त्वाकडे झुकला. पण हेल या सगळ्यात कठीण डिफिकल्टीत आगीला अजिबात न जुमानणारे राक्षस जागोजागी भेटतात. आठ जणांच्या गेममध्ये तुम्ही आगीची सॉर्सरेस, म्हणजे जादूगारीण, असाल, तर त्यांना बर्फाने फोडायला दुसरं कोणी असतं. एकटे असाल, तर उलट्या पावली पळायचं. म्हणून एकट्याने खेळणाऱ्यांनी मीटिऑर्ब उचलून धरलं: एका हातात आगीचा मीटिऑर, दुसऱ्या हातात बर्फाचा फ्रोझन ऑर्ब. ऑर्बला सिनर्जीची गरज फार कमी, त्यामुळे बर्फाची बाजू थोड्या पॉइंटमध्ये उभी राहते आणि उरलेले सगळे आगीला देता येतात.

आणि मार्च 2010 पर्यंत इथे माघार नव्हती. टाकलेला पॉइंट कायमचा. त्या महिन्यातल्या 1.13 पॅचपासून डेन ऑफ ईव्हिल ही गुहा साफ केली की अकारा हे गेममधलं पात्र सगळे पॉइंट परत देते, प्रत्येक डिफिकल्टीत एकदा, म्हणजे एकूण तीनदा. मित्रांच्या टोळीबरोबर हेलमध्ये उतरत असाल, तर बिनधास्त नुसत्या आगीवर जा. टोळी पांगली आणि एकटंच पुढे जायचं ठरलं, की अकाराकडे जा आणि मीटिऑर्ब लावा.