यान क्रॉस : झारच्या आडून
हे ताल्लिन, एस्टोनियाची राजधानी. जुन्या शहरातला तो उंच टोकदार मनोरा ओलेव्हिस्ते चर्चचा. सोळाव्या शतकात इथे डोंबारी येतात, मनोऱ्यापासून दोर ताणतात आणि खाली एक पोरगा माना वर करून बघणाऱ्या गर्दीत घुसतो, अशी एस्टोनियन लेखक यान क्रॉसच्या एका कादंबरीची सुरुवात आहे. पोरगा म्हणजे बाल्थाझार रुस्सोव, पुढे पाद्री झाला आणि लिव्होनियाची, म्हणजे आजच्या एस्टोनिया-लाटव्हियाच्या मुलखाची, बखर लिहिली. आणि दोरावरची कसरत त्याच्या नशिबी जन्मभर आली, कारण स्वीडन, रशिया, पोलंड सगळे त्याच्या मुलखावर टपलेले.

क्रॉसचंही तेच. जन्म 1920 चा, ताल्लिनचाच. तार्तू विद्यापीठात कायदा शिकला. 1944 मध्ये जर्मनांनी तुरुंगात टाकलं, त्यातून सुटला तर 1946 मध्ये सोव्हिएतवाल्यांनी उचललं. मग उत्तर रशियातल्या इंताच्या बाजूची लेबर कॅम्प, नंतर सायबेरियात क्रास्नोयार्स्ककडे हद्दपारी, आणि घरी परतला तो थेट 1954 मध्ये. वकिलीचा विषय संपला. 1958 मध्ये पहिला कवितासंग्रह आला, त्याच्या नावातच कोळसा आहे. बायको एलेन नीत, तीही कवी, मुलांसाठी खूप लिहिलेली.

पण माणूस गाजला तो ऐतिहासिक कादंबऱ्यांनी. रुस्सोवचे चार खंड 1970 ते 1980 दरम्यान आले, आणि मधेच 1978 मध्ये आली ती 'झारचा वेडा', माझ्या मते त्याची सगळ्यात भारी कादंबरी.

गोष्ट खरी आहे. टिमोथिऊस फॉन बॉक, बाल्टिक जर्मन, म्हणजे या मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या जर्मनांपैकी, जमीनदार, रशियाचा झार अलेक्झांडर पहिला याचा दोस्त. या टिमोनं वेठबिगार शेतकऱ्याची मुलगी एवा हिच्याशी लग्न केलं, त्यानेच उमराव मंडळींचं डोकं फिरलेलं. झारनं त्याच्याकडून शपथ घेतली होती म्हणे, मला कायम खरं सांगायचं. आता राजा खरं सांग म्हणतो तेव्हा शहाणा माणूस काय करतो? मुकाट हसतो. टिमोनं 1818 मध्ये भलंमोठं पत्र लिहून झारच्या कारभाराची सालं काढली. नऊ वर्षं श्लिसेलबर्गच्या किल्ल्यात कोंडून ठेवलं, आणि 1827 मध्ये सोडलं ते वेडा ठरवूनच, स्वतःच्या वाड्यावर पाळतीखाली.

कादंबरी सांगतो एवाचा भाऊ याकोब, चोरून लिहिलेल्या डायरीतून. मेव्हणा खरंच वेडा आहे का, याचाच याला उलगडा होत नाही. टिमोच्या त्या पत्राचा मसुदा त्याच्या हाती लागतो, वाचतो तर काय, वेड्याचं एकही वाक्य नाही, पण असलं पत्र पाठवायचं म्हणजे वेडच की!

आणि आता साल बघा, 1978. तेव्हा एस्टोनिया सोव्हिएत राज्यात होता, आणि त्या राज्यात सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना मनोरुग्णालयात डांबत होते. एस्टोनियातल्या वाचकाला कुणी काही समजावून सांगायची गरजच नव्हती. सेन्सॉरची मात्र पंचाईत, धरलं तर चावतं सोडलं तर पळतं, कारण पुस्तकात शिव्या तर झारला आहेत, आणि झारला शिव्या द्यायला सोव्हिएत राज्यात कोण नाही म्हणणार?

पण क्रॉसला नुसता टोमणा मारायचा नव्हता असं मला वाटतं. टिमो ताठ, मोडेल पण वाकणार नाही. याकोब मात्र आपल्यासारखा, घाबरतो, जुळवून घेतो, आणि तरी रात्री वही उघडतो. क्रॉसचा जीव याकोबमध्येच जास्त गुंतलाय. स्वतः तोही त्याच राज्यात राहून, छापून येईल असं लिहीत होता ना.

1984 मध्ये आली प्राध्यापक मार्टेन्सची कादंबरी. एस्टोनियातल्या पार्नू गावात जन्मलेला हा माणूस झारसाठी आंतरराष्ट्रीय करार करणारा मोठा कायदेपंडित झाला, आणि पार्नूहून सेंट पीटर्सबर्गला निघालेल्या ट्रेनमध्ये आयुष्याचा हिशोब मांडत बसतो, कुठे कुठे मान तुकवली त्याचा. कायद्याचं शिक्षण क्रॉसला इथे असं उपयोगी पडलं.

1991 मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला, 1992 मध्ये क्रॉस संसदेत गेला, पण तिथे फार रमला नाही, परत लिहायला बसला. नोबेलसाठी नाव बरेचदा चर्चेत आलं, मिळालं नाही. 2007 च्या डिसेंबरात ताल्लिनमध्येच गेला.

वाचायचं असेल तर आधी टिमो घ्या, इंग्रजीत मिळतो. रुस्सोवच्या चार खंडांना मात्र निवांत वेळ काढूनच हात लावा.