तार बांधायची ती पावसाआधी
(लघु माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: आंब्याच्या फांदीवरून सरकत वर जाणारी नायलॉनची दोरी]

ही दोरी गलोलीने फेकलेली आहे. तिच्या टोकाला बांधलेला शिशाचा गोळा चार वेळा भलत्याच फांदीला अडकला आणि पाचव्या खेपेला हव्या त्या बेचक्यातून अलगद खाली उतरला. चिपळूणच्या वरच्या अंगाला असलेल्या या टेकडीवर मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ही मंडळी जमली आहेत. त्यांत एक निवृत्त शिक्षक आहेत, पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारा एक तरुण आहे आणि यंदा नववीत जाणारी एक मुलगी आहे. मोबाइलचा मनोरा, इंटरनेट आणि घरातली वीज यांपैकी कशावरही ज्याचे अडणार नाही, असे निरोपांची देवाणघेवाण करणारे हौशी रेडिओ केंद्र त्यांना दुपारपर्यंत येथे उभे करायचे आहे.

[दृश्य: टेकडीवरून खाली दिसणारे शहर आणि नदीचे वळण]

खाली दिसते ती वाशिष्ठी. २२ जुलै २०२१ रोजी हीच नदी बाजारपेठेत शिरली, वीज गेली, फोन मुके झाले आणि शहरातल्या माणसांची ख्यालीखुशाली शहराबाहेरच्यांना कळेनाशी झाली.

[दृश्य: जमिनीवर पसरलेली तार, मोजपट्टी, पक्कड]

मंडळींनी आणलेले साहित्य फार नाही. घराच्या वायरिंगला वापरतात तशी तांब्याची तार आहे, पाण्याच्या पीव्हीसी पाइपाचे भोके पाडलेले तीन तुकडे आहेत आणि दोरी आहे. यातून जी अँटेना तयार होते तिला डायपोल म्हणतात. सात मेगाहर्ट्झच्या वारंवारिता-पट्ट्यासाठी तिची एकूण लांबी साधारण वीस मीटर भरते, म्हणजे मधल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार येते. तार आधी थोडी लांबच ठेवावी, कारण जास्तीची कापता येते आणि कमी पडलेली जोडत बसावी लागते, असे सर सांगत आहेत. तरुणाने दोन्ही बाजूंना साडेदहा मीटर तार घेतली आहे. मधल्या तुकड्यापाशी कोॲक्स केबल (टीव्हीला जोडतात तशी गोल केबल) जोडली की तिचे दुसरे टोक रेडिओला जाते.

[दृश्य: एसडब्ल्यूआर मीटरचा काटा, अगदी जवळून]

हा काटा अँटेना आणि रेडिओ यांचे किती जुळते ते सांगतो. पाठवलेल्या शक्तीपैकी जी तारेतून परत फिरते, तिच्यावरून हे माप निघते. आकडा एकाच्या जितका जवळ असेल तितके चांगले, आणि तीनच्या वर गेला तर रेडिओवर ताण येतो. पहिल्या खेपेला तो अडीचच्या जवळपास आहे. तार खाली उतरवली जाते, दोन्ही टोकांकडून वीतभर कापली जाते आणि पुन्हा वर चढवली जाते. असे दोनदा केल्यावर काटा दीडच्या खाली स्थिरावतो. या कामात पाऊण तास गेला. ऊन डोक्यावर असताना आणि हातात वेळ असताना पाऊण तास लागतो, हे प्रेक्षकांनी लक्षात ठेवावे. भर पावसात, अंधारात आणि घरात पाणी शिरलेले असताना हेच काम पहिल्यांदा करू पाहणाऱ्याला ते जमणार नाही.

[दृश्य: जेमतेम डोक्यावरून गेलेली तार, मागे सह्याद्रीची रांग]

अँटेना जितकी उंच तितकी चांगली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही तार मात्र जमिनीपासून अवघ्या चार मीटरांवर मुद्दाम बांधली आहे. हातात धरायच्या छोट्या संचाच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे गावातल्या गावात त्यांचा उपयोग होतो, पण मध्ये डोंगर आला की त्या अडतात. एखाद्या उंच माथ्यावर रिपीटर असेल तर तो त्या लहरी झेलून पुढे पाठवतो, परंतु रिपीटरलाही वीज लागते. सात मेगाहर्ट्झवर कमी उंचीची तार आपल्या लहरी बऱ्याच अंशी सरळ आकाशाकडे पाठवते आणि वातावरणाच्या वरच्या भागातला आयनांबर, म्हणजे वीजभारित कणांचा थर, त्या पुन्हा खाली वळवतो. छत्रीवरून पावसाचे पाणी जसे सभोवार उतरते, तशा त्या दोन-तीनशे किलोमीटरांच्या घेरात उतरतात आणि सह्याद्री त्यांच्या वाटेत येतच नाही. पुणे आणि कोल्हापूर ही दोन्ही शहरे येथून हवाई अंतराने सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहेत, म्हणजे या घेरात सहज बसतात. सूर्य मावळल्यावर सात मेगाहर्ट्झची ही सोय पुष्कळदा संपते आणि मग साडेतीन मेगाहर्ट्झकडे वळावे लागते, ज्यासाठी तारही दुप्पट लांब हवी. कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात अशी एक तार आणि ती बांधू शकणारी दोन माणसे का असू नयेत, हा प्रश्न आम्ही हे चित्रीकरण करताना सतत मनात बाळगून होतो.

[दृश्य: टेम्पोतून उतरवली जाणारी बॅटरी]

वीज या बॅटरीतून येते. घरच्या इन्व्हर्टरची ही बारा व्होल्टची, दीडशे ॲम्पिअर-तासांची बॅटरी उचलायला दोन माणसे लागली. रेडिओ नुसता ऐकत असेल तर तो साधारण एक ॲम्पिअर वीज घेतो, पण शंभर वॉटने बोलताना हीच गरज वीस ॲम्पिअरांच्या आसपास जाते. म्हणून जाणकार प्रचालक, म्हणजे रेडिओ चालवणारा, फार ऐकतो, थोडे बोलतो आणि काम भागत असेल तर शक्ती वीस वॉटवर आणतो.

[दृश्य: चौकटीत लावलेला परवाना, त्यावर सरांचे बोट]

या भिंतीवरच्या कागदाशिवाय टेकडीवरचे काहीही करता येत नाही. ऑनलाइन मिळणारा स्वस्त वॉकीटॉकी विकत घेऊन परवान्याशिवाय हौशी पट्ट्यांवर थेट बोलू लागणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा देते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षेला बसता येते. अर्ज 'सरल संचार' या सरकारी संकेतस्थळावरून करायचा असतो. परीक्षेच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी विजेची आणि रेडिओची प्राथमिक तत्त्वे व नियम एवढेच येते, तर जनरल श्रेणीसाठी त्याशिवाय मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स (टिंब-रेघांची संदेशलिपी) पाठवता आणि ऐकून लिहिता आला पाहिजे. परवान्याबरोबर कॉल साइन, म्हणजे हवेत आपली ओळख सांगणारी अक्षरे आणि आकडा, मिळते. आपल्याकडच्या बहुतेक कॉल साइन व्हीयू या अक्षरांनी सुरू होतात आणि पुढचा आकडा सहसा श्रेणी दाखवतो. जनरलसाठी दोन असतो आणि रिस्ट्रिक्टेडसाठी तीन. मोर्सची धास्ती घेऊन थांबलेल्यांनी आधी रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा परवाना घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणीबाणीत आवाजाने दिलेला निरोपही निरोपच असतो. पडताळणी होऊन परवाना हातात येईपर्यंत बराच काळ जातो, तेव्हा जूनमध्ये ढग पाहून अर्ज करणाऱ्याला त्या पावसात बोलता येणार नाही. तोपर्यंत जगभरच्या प्रचालकांनी इंटरनेटवर खुले ठेवलेले रिसीव्हर ऐकत बसावे. कान तयार होतो आणि बोलण्याची शिस्तही अंगवळणी पडते.

[दृश्य: ताडपत्रीखाली रेडिओ, शेजारी वही घेऊन बसलेली मुलगी]

आता दुपारचे सव्वा वाजले आहेत. पुण्याच्या केंद्राकडे आजच्या नेटचे (अनेक केंद्रांच्या रेडिओवरच्या एकत्र संवादाचे) सूत्रसंचालन आहे, म्हणजे कोणी केव्हा बोलायचे हे तेथून ठरते आणि बाकीची केंद्रे नाव पुकारले जाईपर्यंत गप्प राहतात. प्रत्येक निरोपाची सुरुवात आणि शेवट 'सराव' या शब्दाने होतो, जेणेकरून वाटेत ऐकणाऱ्या कोणाचा गैरसमज होऊ नये. निरोपाला क्रमांक, वेळ, पाठवणारा आणि घेणारा असतो, आणि मजकूर पंचवीस शब्दांच्या आत बसवायचा असतो.

[दृश्य: वहीचे पान, खोडलेला आकडा]

येथे एक चूक झाली आणि ती आम्ही मुद्दाम ठेवली आहे. पुण्याकडून आलेल्या सराव-निरोपात निवारा केंद्रातल्या माणसांची संख्या 'एकोणसाठ' अशी सांगितली गेली आणि खरखरीत आवाजातून मुलीने ती ६९ अशी लिहिली. सरांनी लिहिलेला निरोप परत वाचून दाखवला तेव्हा चूक उघड झाली. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट हे शब्द कानाला फार जवळचे लागतात. म्हणून आकडे सुटे सांगावेत: पाच, नऊ. नावे अक्षर-अक्षर करून, ए-साठी अल्फा, बी-साठी ब्राव्हो, सी-साठी चार्ली या पद्धतीने सांगावीत, आणि घेणाऱ्याने पूर्ण निरोप परत वाचल्याशिवाय पाठवणाऱ्याने तो पोहोचला असे मानू नये. दहा माणसांची भाकरी कमी-जास्त होते ती अशा एका शब्दाने.

हौशी प्रचालकाला व्यापारी निरोप देता येत नाहीत आणि गुप्त सांकेतिक भाषेत बोलता येत नाही. नेहमीची दळणवळण व्यवस्था कोलमडलेली असताना मात्र त्याला इतरांचे निरोप वाहून नेता येतात. त्याने पुराच्या पाण्यात उतरायचे नसते. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी त्याची आधीपासून ओळख असावी आणि कक्ष सांगेल तेथे त्याने तार बांधून बसावे.

[दृश्य: समुद्रकिनारा, स्थिरचित्रे]

डिसेंबर २००४ मध्ये हौशी रेडिओ प्रचालक भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. त्या बेटांवरून हौशी प्रक्षेपणाला क्वचितच परवानगी मिळत असे, त्यामुळे जगभरचे हॅम, म्हणजे हौशी प्रचालक, त्यांच्याशी संपर्क साधायला टपून बसले होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली, तेव्हा त्यांचे केंद्र चालू स्थितीत होते. हौसेचे काम त्यांनी त्याच दिवशी बाजूला ठेवले आणि बेटांवरचे निरोप मुख्य भूमीकडे पोहोचवायला सुरुवात केली. भूजमध्ये २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर प्रचालकांना बाहेरून संच घेऊन जावे लागले होते. पोर्ट ब्लेअरला तार आधीच बांधलेली होती.

[दृश्य: तार गुंडाळणारे हात, मागे कललेले ऊन]

पावणेपाचला नेट संपले. वहीत एकूण अकरा निरोपांची नोंद आहे, वेळेसह आणि अक्षर सुवाच्य. दिवसभर मायक्रोफोन सरांच्या हातात होता, कारण मुलीकडे अजून परवाना नाही. तिने अर्ज केला आहे. परीक्षेची तारीख येईपर्यंत तारेच्या लांबीचा हिशेब आणि ही वही तिच्याकडे राहील.