दोन हंगामांची जर्सी आणि सोलापूरचं ऊन

[दृश्य : टेबलावर पांढरं मांजरपाट अंथरलेलं. त्यावर जांभळी जर्सी, शेजारी काळं पडलेलं एक तिकीट.]

ही जर्सी आयपीएलमधल्या रायझिंग पुणे सुपरजायंट्सची. २०१६ आणि २०१७, असे दोनच हंगाम हा संघ खेळला आणि मोडला. संग्राहक तिच्यामागे असतात ते यासाठीच. मुंबई-चेन्नईच्या जर्सी दरवर्षी नव्या निघतात, जुन्याही पोत्याने मिळतात. पुण्याचा माल संपला तो संपला.

संघ उभा राहिला तोही वेगळ्या वाटेने. चेन्नई आणि राजस्थानच्या संघांवर दोन वर्षांची बंदी आली, त्यांचे खेळाडू मोकळे झाले. डिसेंबर २०१५ मध्ये पुणे आणि राजकोट या दोन नव्या संघांनी त्यातले पाच-पाच जण आळीपाळीने उचलले. हा लिलाव नव्हता, ड्राफ्ट होता. रकमा आधीच ठरलेल्या : पहिल्याला साडेबारा कोटी, मग साडेनऊ, साडेसात, साडेपाच आणि शेवटच्याला चार. पहिली निवड पुण्याची, त्यांनी धोनीला घेतलं. मग रहाणे, अश्विन, स्टीव्ह स्मिथ, ड्यू प्लेसी. चौथ्या क्रमांकावर उचललेला, साडेपाच कोटींचा स्मिथ २०१७ मध्ये कर्णधार झाला आणि त्याने संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला. धोनीची सही पिवळ्या जर्सीवर हवी तेवढी सापडते. पुण्याच्या वस्तूवर खरी किंमत स्मिथच्या सहीला द्यावी.

[दृश्य : जर्सीवरच्या बोधचिन्हाचा जवळून शॉट.]

साल ओळखायची खूण सोपी आहे. २०१६ मध्ये नाव अनेकवचनी, ‘सुपरजायंट्स’. २०१७ ला शेवटचं अक्षर गळालं, ‘सुपरजायंट’ राहिलं. कुणी ‘फायनलची जर्सी’ म्हणून अनेकवचनी नावाची पुढे केली, तर व्यवहार तिथेच थांबवायचा.

तिकिटांची परीक्षा वेळापत्रकावरून होते. २०१६ मध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. १ मेचा एक सामना तेवढा गहुंज्यात, म्हणजे पुण्याच्या मैदानावर झाला, मग पुण्याचं घर विशाखापट्टणमला हललं. त्या हंगामातलं, त्यानंतरच्या तारखेचं, गेटवर फाडलेलं गहुंज्याचं तिकीट असूच शकत नाही. २०१७ च्या प्लेऑफचंही, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यांचंही तेच : पहिला क्वालिफायर वानखेडेवर, एलिमिनेटर आणि दुसरा क्वालिफायर बेंगळुरूत, फायनल हैदराबादला. गुणतक्त्यात पहिल्या दोघांना एक हार माफ असते. पुण्याला ती माफी वापरावीच लागली नाही. १६ मे रोजी मुंबईला वीस धावांनी हरवून ते थेट फायनलला गेले. २१ मेला मुंबई १२९, पुणे १२८. एका धावेने गेलेला चषक. त्या दोन रात्रींची तिकिटं सोलापुरात कुणाकडे असतील, तर त्यांनी पुढचा भाग नीट ऐकावा.

[दृश्य : काळ्या तिकिटावर कॅमेरा थांबतो.]

हे तिकीट काळं केलं लॅमिनेशनने. जपण्यासाठी म्हणून लोक ते झेरॉक्सच्या दुकानात देतात. बऱ्याच तिकिटांवरचा आसन क्रमांक थर्मल कागदावर उमटलेला असतो, म्हणजे शाई नसतेच, उष्णतेने कागदाचा लेप काळा होतो. गरम रोलरमधून गेला की अख्खा कागद काळा! ओळखायचं कसं? छापील बाजूच्या कोऱ्या कोपऱ्यावर नखाने घासा. करडी रेघ उमटली तर कागद थर्मल. आधी त्याचा दोन्ही बाजूंनी स्कॅन घ्या, मग पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवा. मऊ, वास येणारा पीव्हीसी नको, त्यातून सुटणारी रसायनं अक्षरं पुसतात.

ऊन हा दुसरा वैरी. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा तर भट्टीच. संग्रह खालच्या कप्प्यात, आतल्या भिंतीकडे ठेवा. सही केलेली बॅट खिडकीसमोर टांगू नका. मार्करची शाई उन्हात आधी तपकिरी होते, मग जाते.

जर्सीला इस्त्री नको, छापलेले आकडे वितळतात. घडीही नको, घडीवर छपाई तडकते. कापडाच्या नळकांड्यावर गुंडाळा. वरून मांजरपाट, पण दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढलेलं. यंत्रमागाच्या गावात हे वेगळं सांगायला नको, पण खळ राहिली की कसर लागते. डांबरगोळ्या टाळा, त्यांच्या वाफेने रबरी छपाई चिकट होऊ शकते.

[दृश्य : भिंगाखाली सही.]

सहीसाठी दहापट भिंग पुरे. बारीक ठिपके दिसले तर सही छापलेली. रेघेची जाडी सगळीकडे सारखी, सुरुवातीला थबकल्याची गाठ, मध्येच थरथर : कुणीतरी बघून गिरवली आहे. खऱ्या सहीत हात वेगात असतो, टोकं निमुळती सुटतात.

[दृश्य : पार्क चौक, इंदिरा गांधी स्टेडियमचं प्रवेशद्वार.]

आणि सगळंच विकत घ्यावं लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरच्या याच पार्कावर, म्हणजे या स्टेडियमवर, महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला. रणजीला सहसा तिकीट नसतं, त्यामुळे उरतं ते वर्तमानपत्र आणि धावफलक. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो. पिवळा पडतो आणि शेजारच्या वस्तूलाही डाग देतो. म्हणून कात्रण तिकिटासोबत एकाच पाकिटात कधीही नाही. त्याला वेगळं पाकीट, मागे आम्लरहित कागद, आणि मागच्या कागदावरच पेन्सिलीने तारीख, दैनिकाचं नाव, पान क्रमांक.